कर्ज एकीचं, मजुरी दुसरीची

हैदराबादच्या वस्त्यांमध्ये २००५ च्या सुमारास सूक्ष्म कर्जाचा व्यवहार असा चाले: सहा ते दहा बायकांचा गट, सगळ्या एकमेकींना जामीन, तारण काही नाही, पहिलं कर्ज १० हजार, फेड ५० आठवड्यांत. व्याज म्हणे १२ टक्के. हा आकडा फसवा आहे. मुद्दल दर आठवड्याला फिटत जातं, व्याज मात्र शेवटपर्यंत पूर्ण १० हजारांवर धरलेलं असतं. वर्षभराचा हिशेब केला तर कर्जदार बाईकडे सरासरी पाचच हजार राहिले, म्हणजे खरा दर २४ च्या घरात. हप्ता आठवड्याला सव्वादोनशेच्या आसपास. सावकारापेक्षा तरी स्वस्तच.

खरी मेख हप्त्याच्या तारखेत आहे. कर्ज हातात पडल्यावर लगेच हप्ते सुरू होतात. भाजीवालीला ते जमतं, कारण सकाळी घेतलेला माल संध्याकाळी पैसे होऊन येतो. शिलाई मशीन घेणारीला गिऱ्हाईक जमायलाच महिना-दोन महिने लागतात. ती पहिले हप्ते कर्जाच्याच पैशांतून फेडणार. कोलकात्यात काही कर्जदारांना सुरुवातीचे दोन महिने हप्त्यातून सूट देऊन पाहिलं. नवे धंदे जास्त निघाले, पुढे नफाही वाढला. थकबाकीही वाढली, म्हणून कर्ज देणाऱ्या संस्थांना ही कल्पना फारशी रुचत नाही.

हैदराबादेत अर्थतज्ज्ञ अभिजित बॅनर्जी, एस्थर डफ्लो आणि सहकाऱ्यांनी अभ्यासासाठी १०४ वस्त्या घेतल्या आणि त्यांतल्या ५२ मध्ये कर्ज देणाऱ्या संस्थेनं आधी शाखा उघडल्या. ज्यांचा धंदा आधीपासून होता त्यांनी तो वाढवला. काहींनी घरात टिकाऊ वस्तू घेतल्या. घराचा सरासरी खर्च मात्र वाढला नाही. यावरून ‘सूक्ष्म कर्जानं गरिबी हटत नाही’ असा निकाल अनेकांनी देऊन टाकला. मला तो अर्धवट वाटतो. गरीब घराची मिळकत बहुधा मजुरीवर असते, आणि मजुरीचा दर एकट्या वस्तीत ठरत नाही.

त्याचा पुरावा एका संकटातून मिळाला. ऑक्टोबर २०१० मध्ये आंध्र सरकारनं अध्यादेश काढून वसुलीला लगाम घातला. तिथे पैसा अडकलेल्या सूक्ष्म कर्ज कंपन्यांनी इतर राज्यांतही हात आखडता घेतला. त्या इतर राज्यांतल्या कर्जदारांनी काही बुडवलं नव्हतं. एमिली ब्रेझा आणि सिंथिया किनन यांनी तपासलं, तर असं कर्ज आटलेल्या जिल्ह्यांत रोजंदारीचे दर घसरले होते. कर्ज आटलं की घरं खरेदी कमी करतात, दुकानदार आणि गवंडी माणसं कमी लावतात, आणि ज्या मजुरानं कधीच कर्ज काढलं नाही त्याचाही रोज कमी होतो.

मात्र नोकरी उभी राहायला कर्जाचा आकारही लागतो. छोट्या धंद्यांना कर्ज देणाऱ्या सरकारी मुद्रा योजनेत ‘शिशु’ कर्ज ५० हजारांपर्यंत असतं, आणि खात्यांत मोठा भरणा शिशुचाच. त्यात शिलाई मशीन येतं, थोडं कापडही येतं. पण चालवणारी बहुधा एकटीच. शाळेच्या गणवेशांची ऑर्डर धरायची तर दुसऱ्या मशीनवर कुणाला तरी बसवावं लागतं. तिचा पगार दर शनिवारी द्यायचा, आणि शाळेचे पैसे येणार दोन-तीन महिन्यांनी. मधल्या काळाचा हा पगार मशीनच्या कर्जातून निघत नाही. त्यासाठी खेळतं भांडवल वेगळं लागतं.