हिशेबातला सुटलेला रकाना

बँकेत असताना एक गोष्ट शिकलो. जे वहीत मांडलेच नाही, त्याचा ताळा कधी जमत नाही. ऑस्ट्रेलियातील आदिवासी मुलांच्या शिक्षणाविषयी वाचताना हेच आठवले. २००८ साली सरकारने ठरवले, वाचन-लेखन-गणितातली दरी दहा वर्षांत निम्मी करायची. मोजमाप इंग्रजी चाचण्यांचे. त्याच वर्षी नॉर्दर्न टेरिटरीत शाळेचे पहिले चार तास इंग्रजीला बांधायचे ठरले. यिरकालाच्या योलंगू लोकांची यशाची कल्पना निराळी होती. मुलाला इंग्रजी यावेच, पण आपली भाषा, नाती, भूमीही उमगावी. दरी मुदतीत निम्मी झाली नाही. २०२०च्या करारावर आदिवासी संघटनांनीही सरकारच्या बरोबरीने सही केली. त्यांच्या भाषा जगवणे हेही उद्दिष्ट ठरले. रकाना आखला गेला खरा. त्यात नोंद कोण करणार, निरीक्षक की मुलाची आजी?