स्वस्तातली सतार, महागडी जवारी

मार्च-एप्रिलमध्ये परीक्षा संपतात, बदल्यांचे आदेश निघतात आणि दिल्लीत जुन्या वाद्यांचा बाजार तेजीत येतो. हा बाजार मोबाइलच्या पडद्यावर भरतो. द्वारकेतली हार्मोनिअम, नोएडातला कीबोर्ड, गुरुग्रामच्या विसाव्या मजल्यावरची गिटार, गाझियाबादमधली तबल्याची जोडी. लष्करातले आणि केंद्र सरकारी नोकरीतले लोक ठरावीक वर्षांनी घर हलवतात, आयटीतले भाडेकरू त्याहून लवकर. ‘प्रवेशिका पूर्ण’पर्यंत तबला शिकलेला मुलगा दहावीत जातो, मग कोचिंगच्या वेळापत्रकात रियाजाला जागा उरत नाही. जाहिरातीवर दोनच शब्द असतात, ‘शिफ्टिंग सेल’. कधी जोडीला ‘हार्डली यूज्ड’.

घेणाऱ्यासाठी ही पर्वणी खरीच. पण कपाट किंवा सायकल फोटोवरून निम्मीअर्धी तरी कळते. वाद्याचं जे विकत घ्यायचं, तो सूर, फोटोत उतरतच नाही. जुन्या वाद्यांच्या ऑनलाइन खरेदीतली सगळी कमाई आणि सगळी फसगत या एका गोष्टीभोवती फिरते.

लिलाव गेला, घासाघीस उरली

ऑनलाइन लिलावाची जन्मकथा मोडक्या वस्तूपासूनच सुरू होते. १९९५ मध्ये अमेरिकेत पिअर ओमिड्यार यांनी सुरू केलेल्या संकेतस्थळावर पहिली विक्री झाली ती बिघडलेल्या लेझर पॉइंटरची, १४.८३ डॉलरना. हेच संकेतस्थळ पुढे ईबे झालं. भारतात २००० साली ‘बाझी डॉट कॉम’ आलं, २००४ मध्ये ते ईबेने विकत घेतलं आणि १४ ऑगस्ट २०१८ रोजी ईबेचं भारतातलं दुकान बंद झालं. त्यानंतर सामान्य ग्राहकाच्या हाती उरले ते ओएलएक्स, फेसबुक मार्केटप्लेस यांसारखे फलक. तिथे बोली नसते. विक्रेता एक आकडा लिहितो आणि खाली पहिला प्रश्न येतो, ‘लास्ट प्राइस?’ खरा लिलाव हवा असेल तर परदेशी संकेतस्थळावर जावं लागतं. मग वाहतूक आणि सीमाशुल्क मिळून ‘स्वस्त’ हा शब्द पुसून टाकतात.

तरी लिलावाची रीत समजून घ्यावी, कारण घासाघिशीतही तीच उपयोगी पडते. ईबेवर आपण आपला कमाल आकडा यंत्राला सांगून ठेवतो. यंत्र आपल्या वतीने दुसऱ्याच्या बोलीपेक्षा एक पायरी वर जात राहतं. म्हणजे जिंकणारा जवळजवळ दुसऱ्या क्रमांकाच्या बोलीइतकीच रक्कम देतो. अशा लिलावात आपल्याला वाटणारी खरी किंमत एकदाच सांगून मोकळं होणं शहाणपणाचं, हे विल्यम विक्री या अर्थशास्त्रज्ञाने १९६१ मध्येच दाखवून दिलं होतं. १९९६ मध्ये त्याला नोबेल मिळालं.

माणसं मात्र तशी वागत नाहीत. अॅल्विन रॉथ आणि अॅक्सेल ओकनफेल्स यांनी २००२ मध्ये ईबे आणि अॅमेझॉन यांच्या तेव्हाच्या लिलावांची तुलना केली. ईबेवर ठरल्या क्षणी लिलाव संपे, म्हणून शेवटच्या मिनिटाला झुंबड उडे. अॅमेझॉनवर उशिरा बोली आली की मुदत वाढे, तिथे ही झुंबड कमी होती. शेवटच्या क्षणाची घाई ही माणसाच्या स्वभावाइतकीच नियमांचीही देणगी असते. ‘दुसरा एक पार्टी संध्याकाळी येतोय’ हे विक्रेत्याचं वाक्य त्याच घाईची घरगुती आवृत्ती.

आणि जिंकण्यातही एक मेख आहे. न पाहिलेल्या वस्तूवर दहा जण आपापल्या अंदाजाने बोली लावतात, तेव्हा जिंकतो तो बहुधा सर्वांत जास्त अंदाज चुकलेला. तेलविहिरींच्या लिलावांत हा प्रकार अभियंत्यांनी १९७१ मध्ये मांडला. न वाजवलेल्या सतारीलाही तो तंतोतंत लागू पडतो.

दिल्लीत आलेला एक प्राध्यापक

जुन्या वस्तूंच्या बाजाराचं दुखणं सर्वांत नेमकं सांगणारा निबंध जॉर्ज अकरलॉफ यांचा. उदाहरण जुन्या मोटारींचं. गाडी चांगली की खटारा हे विकणाऱ्याला ठाऊक असतं, घेणाऱ्याला नाही. म्हणून घेणारा सगळ्यांनाच मधला भाव देऊ करतो. त्या भावात चांगल्या गाडीचा मालक विकायलाच तयार होत नाही आणि बाजारात खटाऱ्यांचं प्रमाण वाढत जातं. हा निबंध एका नियतकालिकाकडे पाठवून अकरलॉफ १९६७-६८ या वर्षासाठी दिल्लीला, इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटमध्ये आले आणि इथेच त्यांना पहिलं नकाराचं पत्र मिळालं. पुढे आणखी नकार पचवून निबंध १९७० मध्ये छापून आला. २००१ मध्ये लेखकाला नोबेलचा वाटा मिळाला. निबंधात भारतातल्या कर्जबाजाराचं उदाहरणही आहे.

वाद्यांच्या बाजारात या सिद्धान्ताला एक गमतीदार मुरड पडते. इथे पुष्कळदा विकणाऱ्यालाही काही ठाऊक नसतं. आजोबांची पेटी माळ्यावर वीस वर्षं पडून होती, नातवाला ती फक्त जागा अडवताना दिसते. अशा वेळी जाणकार घेणाराच वरचढ ठरतो. खरी लॉटरी लागते ती याच घरांत, आणि तिथे पोचायची युक्ती शोधाच्या खिडकीतच आहे. जाणता विक्रेता ‘स्केल चेंजर’ असं लिहितो, भावही जाणूनच सांगतो. अजाण विक्रेता स्पेलिंग चुकवतो, नाहीतर नुसतं ‘बाजा’ असं टाकतो. कीर्तनाची परंपरा असलेल्या पंजाबी घरांत पेटीला बाजाच म्हणतात. चुकीच्या स्पेलिंगची जाहिरात कमी लोकांना दिसते, म्हणून तिथे घासाघिशीला जागा राहते.

मेरठचं पितळ, कॅनॉट प्लेसची सतार

दिल्ली परिसर नुसता घेणारा नाही, मोठा विकणाराही आहे. राष्ट्रीय राजधानी क्षेत्रात मोडणाऱ्या मेरठची जली कोठी बँडच्या वाद्यांसाठी प्रसिद्ध. नादिर अली आणि कंपनी तिथे १८८५ पासून आहे. बिगुल, ट्रम्पेट, अंगाभोवती वेटोळं घालणारा सूसाफोन इथून देशभरच्या बँडांत जातात. दिल्लीच्या निर्यातदारांच्या मार्फत पितळी वाद्यं, सतारी, तबले परदेशी लिलावांतही झळकतात आणि तिथले संगीतशिक्षक पालकांना सावध करतात: चकचकीत स्वस्त माल घेऊ नका. यात दोन्ही बाजू समजून घ्यायला हव्यात. वरातीच्या बँडला आवाज मोठा हवा, झळाळी हवी, आणि वाद्य पडलं-आदळलं तरी गल्लीतल्या कारागिराला ठोकून सरळ करता यायला हवं. ऑर्केस्ट्रात शिकणाऱ्या मुलाला प्रत्येक स्वर जागेवर हवा. एकाचं चांगलं वाद्य दुसऱ्याच्या काहीच कामाचं नाही. सतारींतही दिवाणखान्यात ठेवण्यासाठी घडवलेल्या आणि वाजवण्यासाठी घडवलेल्या अशा दोन जाती असतात. नक्षी जेवढी दाट, तेवढी जवारी, म्हणजे घोडीचा तारा टेकतात तो माथा, नीट तपासावी.

मग लिलावात एखादी सतार लाखोंना कशी जाते? जुलै १९६६ मध्ये बीटल्स दिल्लीत उतरले तेव्हा जॉर्ज हॅरिसनने कॅनॉट प्लेसच्या रिखी राम यांच्याकडून सतार घेतली. लाहोरमध्ये १९२० साली सुरू झालेली ही पेढी फाळणीनंतर दिल्लीत आली. हॅरिसनची त्याआधीची, कोलकात्याच्या कनाईलाल यांच्या पेढीने बनवलेली सतार २०१७ मध्ये अमेरिकेत लिलावात ६२,५०० डॉलरना गेली. हा भाव लाकडाचा किंवा सुराचा नाही, ती सतार कोणाच्या मांडीवर होती त्याचा आहे. ‘लेडी ब्लंट’ हे १७२१ मधलं स्ट्रॅडिव्हेरियस व्हायोलिन २०११ मध्ये टारिसिओ या संस्थेच्या ऑनलाइन लिलावात ९८ लाख पौंडांना विकलं गेलं. पैसे जपानच्या भूकंपग्रस्तांसाठी होते. त्या बोलीमागे फोटो नव्हता, वाद्याच्या मालकांचा शतकांचा नोंदलेला इतिहास होता.

आपल्या जाहिरातीत तो इतिहास कसा खोटा उभा राहतो, त्याचा नमुना म्हणजे व्हायोलिनच्या पोटात चिकटवलेली स्ट्रॅडिव्हेरियसची चिठ्ठी. एकोणिसाव्या-विसाव्या शतकांत जर्मनी, फ्रान्समधल्या कारखान्यांनी अशा चिठ्ठ्यांची असंख्य व्हायोलिनं बनवली. चिठ्ठीवर ‘जर्मनी’ असं इंग्रजीत छापलेलं असेल तर ते बहुधा १८९१ नंतरचं, कारण त्या वर्षापासून अमेरिकेत येणाऱ्या मालावर देशाचं नाव बंधनकारक झालं. गिटारमध्येही तसंच. ‘गिव्हसन’ ही कोलकात्याची जुनी, स्वतःच्या नावाने विकली जाणारी गिटार. अमेरिकन ‘गिब्सन’शी तिच्या स्पेलिंगात एकाच अक्षराचा फरक. धूसर फोटोत ‘व्ही’चा ‘बी’ व्हायला वेळ लागत नाही.

काय बघायचं, काय ऐकायचं

तबल्यात पुडी पाहून भुलू नये. पुडी, शाई, वादी या झिजणाऱ्या गोष्टी, त्या बदलता येतात. पैसे मोजायचे ते खोडाचे. शिसवी खोड हातात जड लागतं. त्यावर उभी चीर आहे का, आतून कीड आहे का ते बघावं. डग्गा तांब्याचा असेल तर वजन विचारावं, वरचा मुलामा गेला तरी तांब्याचं मोल राहतं. आणि तबल्याचं तोंड मोजून घ्यावं: तोंड लहान तितका सूर चढा. काळी एकच्या गायकाला काळी चारचा तबला फुकट मिळाला तरी महाग.

पेटीची पहिली परीक्षा भात्याची. सगळे स्टॉप बंद करून भाता भरावा आणि तो किती वेळ हवा धरतो ते पाहावं. हवा गळत असेल तर दुरुस्ती सोपी, भाव पाडायला मात्र उत्तम कारण. मग प्रत्येक पट्टी एकेक करून, आधी नर, मग खर्ज. एखादी पट्टी अडकली तर धूळ असेल. स्वर बसका, फाटका येत असेल तर पात गेलेलं. ‘जर्मन स्वर’ असं लिहिलेलं असेल तर झाकण उघडून आतला फोटो मागावा. जुने जर्मन किंवा पॅरिसचे स्वर तुटले तर जोड मिळणं कठीण. पालिताण्याच्या स्वरांची पेटी नावाला साधी, पण दुरुस्तीला सोयीची.

सतार-तंबोऱ्यात दांडी वरून एका डोळ्याने पाहावी. वाकलेली असेल तर परत फिरावं. पडदे बांधता येतात, तारा बदलता येतात, जवारी काढून घेता येते. भोपळ्याला तडा असेल तर तो जुना भरलेला की ताजा, हे विचारावं. मिरजेत एकोणिसाव्या शतकापासून घडणाऱ्या सतारी-तंबोऱ्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्यामुळे ‘मिरज मेड’ ही पाटी जाहिरातीत आता आणखी मिरवेल. पण दमट हवेत घडलेलं लाकूड दिल्लीच्या मे महिन्यातल्या लूमध्ये आणि दिवसभरच्या एसीत आकसतं, सांधे उकलतात. वाद्य कुठे घडलं इतकंच ते दिल्लीत कुठल्या भिंतीशी उभं होतं हेही महत्त्वाचं.

कायदा आणि क्यूआर कोड

‘अँटिक, हस्तिदंती पट्ट्या’ असा पियानो किंवा हस्तिदंती नक्षीची सतार दिसली तर हात आखडता घ्यावा. वन्यजीव संरक्षण कायद्यातल्या १९८६ आणि १९९१ च्या दुरुस्त्यांनी देशात भारतीय आणि आफ्रिकी हस्तिदंताचा व्यापार बंद केला. जुन्या सतारींवर हरणाच्या शिंगाची घोडी असे. तीही याच कायद्याच्या कक्षेत येते. शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू परदेशी पाठवण्याला १९७२ च्या पुरावशेष कायद्याची आडकाठी आहे, म्हणून अमेरिकेतल्या नातेवाइकाला आजोबांचा तंबोरा पाठवण्याआधी चौकशी करावी.

फसवणुकीचा साचा मात्र एकच आहे. समोरचा स्वतःला लष्करी अधिकारी म्हणवतो, बदली झाल्याचं सांगतो, ओळखपत्राचा फोटो पाठवतो. खऱ्या बदल्यांचं शहर असल्यामुळे दिल्लीत ही थाप सहज पटते. विकणारा असाल तर तो ‘पैसे पाठवतो’ म्हणून क्यूआर कोड धाडतो. घेणारा असाल तर गेट पाससाठी आगाऊ टोकन मागतो. नियम पाठ असू द्यावा: पैसे मिळण्यासाठी यूपीआय पिन कधीच लागत नाही. फसलात तर ताबडतोब १९३० या क्रमांकावर फोन करावा.

हिशेब

समजा, नवी सतार पंचवीस हजारांना मिळते आणि तशीच जुनी पंधरा हजारांना दिसते. तारा, जवारी, सैल पडदे आणि गाझियाबादहून आणायची गाडी यांचे पाच हजार धरले तर खरी बचत उरते पाचच हजारांची, आणि वाद्य न वाजवता घेतलं तर ती सगळी जोखमीच्या वाट्याला जाते. म्हणजे घासाघिशीचा आकडा विक्रेत्याच्या किमतीतून काढायचा नसतो. नव्या वाद्याच्या किमतीतून दुरुस्ती आणि जोखीम वजा करून जे उरतं, ती आपली कमाल बोली. विक्रेत्याचं वाक्य, दुसरा पार्टी, संध्याकाळची घाई यांनी ती हलू देऊ नये.

हा हिशेब लंडनमधून किंवा पुण्यातून दिल्लीचं वाद्य घेणाऱ्याला मांडता येत नाही. मेट्रोने तासाभरात विक्रेत्याच्या दारात उभ्या राहणाऱ्याला तो मांडता येतो, आणि राजधानीतल्या खरेदीदाराचा खरा फायदा हाच: इथे पुरवठा भरपूर, वाद्य वाजवून पाहता येण्याच्या अंतरावर आणि दुरुस्त करणारेही दरियागंज, नई सडक, कॅनॉट प्लेस परिसरात. म्हणून शोध सुरू करण्याआधी एका कारागिराचा नंबर फोनमध्ये साठवावा, जाहिरातीतले फोटो आधी त्याला पाठवावेत, आणि दुरुस्तीचा त्याचा आकडा हाती आल्यावरच विक्रेत्याला विचारावं, ‘लास्ट प्राइस?’