दांडी दिसली की उंदीर काय करतो?

प्रयोगशाळेतला उंदीर दांडी दाबतो आणि त्याला खाऊ मिळतो, हे चित्र बहुतेकांच्या डोक्यात पक्कं बसलं आहे. ते स्किनरच्या प्रयोगांचं. पावलॉव्हच्या पद्धतीत, म्हणजे अभिजात अभिसंधानात, खाऊसाठी उंदराला काहीच करावं लागत नाही. पेटीच्या भिंतीतून दांडी पुढे येते, 8 सेकंदांनी आत जाते आणि लगेच शेजारच्या वाटीत केळ्याच्या चवीची 45 मिलिग्रॅमची गोळी पडते. उंदराने दांडीला पंजा लावला तरी पडते, कोपऱ्यात अंग चाटत बसला तरी पडते. दांडी फक्त वर्दी देते.

तरीही थोड्याच दिवसांत काही उंदीर दांडी येताच तिच्यावर झेपावतात, पंजांत धरून ती कुरतडू लागतात. काहींना तिच्याशी देणंघेणं नसतं; ती दिसली की ते थेट वाटीत तोंड घालतात. काही दोन्हींमध्ये घुटमळतात. सगळे उंदीर एकाच साच्याचे, हा समज इथेच मोडतो. गोळी येणार हे सगळ्यांनाच कळलेलं असतं, पण काहींना वर्दीच हवीशी होते. मिशिगन विद्यापीठात टेरी रॉबिन्सन आणि शेली फ्लेगेल यांनी हा फरक बारकाईने अभ्यासला, कारण व्यसनी माणसाला नुसतं सिगारेटचं पाकीटही का खेचतं, हा प्रश्न याच्याशी जोडलेला आहे.

डोपामाइन म्हणजे आनंदाचं रसायन, असंही सर्रास म्हटलं जातं. फ्लेगेल आणि सहकाऱ्यांनी 2011 साली दाखवलं, की डोपामाइनचं काम रोखलं तर दांडीची ओढ लागत नाही. वाटीकडे जाणारे उंदीर मात्र त्याही अवस्थेत शिकतात.

सर्वांत चिवट गैरसमज म्हणजे हे सगळं यांत्रिक आहे, खूण दिसली की ठरलेली प्रतिक्रिया. मला याचं सर्वांत सुंदर उत्तर माइक रॉबिन्सन आणि केंट बेरिज यांच्या 2013 च्या प्रयोगात दिसतं. दांडी आली की उंदराच्या तोंडात अतिखारट पाणी सोडलं जाई. साहजिकच उंदीर दांडी दिसताच मागे सरू लागले. मग औषधं देऊन त्यांच्या शरीरातलं मीठ कमी केलं. मिठाची अशी भूक त्यांनी आयुष्यात कधी अनुभवली नव्हती आणि या अवस्थेत खारट पाणी चाखलेलंही नव्हतं. तरी दांडी पुढे येताच ते तिच्याकडे धावले, ती हुंगू लागले, कुरतडू लागले. जुनी नावड क्षणात ओढीत बदलली. शिकलेली गोष्ट शरीराच्या आजच्या गरजेशी ताडून पाहिली जाते, एवढं त्यातून स्पष्ट दिसतं.

आणि खाऊ बंद केला की उंदीर शिकलेलं विसरतो? वागणं थांबतं खरं, पण मध्ये काही दिवस जाऊ दिले की ते थोडंफार परत येतं. दुसऱ्या पेटीत थांबलेलं वागणं पहिल्या पेटीत परतल्यावर पुन्हा डोकं वर काढतं. मार्क बाउटन यांनी यावर दीर्घ काम केलं आहे. उपचार केंद्रात व्यसनापासून दूर राहिलेला माणूस जुन्या गल्लीत परतल्यावर का घसरतो, याचा शोध घेणारे संशोधक या प्रयोगांचा आधार घेतात.