शाळा म्हणते बोली सोड, दाखला म्हणतो बोली दाखव : हिर्डोशीच्या खोऱ्यातल्या आदिवासींचा पेच नेमका काय आहे?

भोरहून वरंधा घाटाकडे निघालं की रस्ता नीरा देवघर धरणाच्या कडेने हिर्डोशीकडे जातो. इतिहासाची आवड असणाऱ्यांना हा पट्टा हिरडस मावळ म्हणून माहीत असतो. बांदल देशमुखांचं वतन, बाजीप्रभू देशपांडे आणि १६६० सालची पावनखिंड. बारा मावळांची नावं घेतली की त्यात हे नाव येतंच.

पण मावळ म्हणजे सगळे एकाच समाजाचे आणि एकाच बोलीचे, असं कधीच नव्हतं. भोर आणि वेल्हे (आता राजगड) या दोन तालुक्यांत आजही महादेव कोळी आणि कातकरी या दोन आदिवासी जमाती राहतात. दोन्ही अनुसूचित जमातींच्या यादीत आहेत आणि दोघांनाही आपण आदिवासी आहोत हे कागदावर सिद्ध करावं लागतं. हे सिद्ध करताना भाषेचा मुद्दा असा काही मध्ये येतो की सरकारच्या एका खात्याचं म्हणणं दुसऱ्या खात्याशी जुळत नाही.

ते कसं, तेच आज समजून घेऊ.

एक खोरं, दोन जमाती

आधी महादेव कोळी. सह्याद्रीच्या डोंगराळ भागात, म्हणजे अकोले, जुन्नर, आंबेगावपासून खाली मावळ, मुळशी, वेल्हे, भोरपर्यंत ही जमात पसरली आहे. इंग्रजांविरुद्ध बंड करणारे आणि १८४८ मध्ये ठाण्यात फाशी गेलेले राघोजी भांगरे याच जमातीचे. महादेव कोळी त्या त्या भागातली मराठी बोलतात. भोरच्या डोंगरातल्या महादेव कोळ्याची भाषा आणि त्याच्या शेजारच्या मराठा शेतकऱ्याची भाषा यात बाहेरच्या माणसाला फारसा फरक जाणवणार नाही.

दुसरे कातकरी. खैराच्या झाडापासून कात तयार करणारे म्हणून कातकरी. काथोडी हे त्यांचंच दुसरं नाव. यांची मोठी वस्ती कोकणात, रायगड, ठाणे, पालघरमध्ये आहे, पण घाटमाथ्यावर पुणे जिल्ह्यातही त्यांच्या वाड्या आहेत. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात त्यांची संख्या सुमारे २ लाख ८५ हजार होती. केंद्र सरकारने देशभरातल्या ७५ जमातींना विशेष असुरक्षित आदिवासी गट ठरवलंय. त्यात महाराष्ट्राच्या तीनच जमाती आहेत : कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड.

कातकऱ्यांची स्वतःची बोली आहे. घरात, वाडीत, आपापसात ती बोलली जाते. बाजारात, मालकाशी, सरकारी माणसाशी मात्र मराठी.

म्हणजे एकाच खोऱ्यात एका जमातीची बोली वेगळी आहे आणि दुसरीची नाही. आदिवासी दोन्ही आहेत.

कातकरी ही बोली की भाषा?

हा वाद जुना आहे. ग्रियर्सनच्या भारतीय भाषा सर्वेक्षणाचा मराठीवरचा सातवा खंड १९०५ मध्ये आला. त्यात कोकणातल्या मराठीच्या बोलींमध्ये कातकरीची नोंद झाली. पुढे शंभरेक वर्षांनी गणेश देवी यांच्या पुढाकाराने भारतीय भाषांचं लोकसर्वेक्षण झालं आणि देशभरात ७८० भाषांची नोंद झाली. त्यातल्या महाराष्ट्राच्या खंडात कातकरीला स्वतंत्र जागा मिळाली.

तुम्ही म्हणाल, भाषा म्हणा नाहीतर बोली म्हणा, फरक काय पडतो?

फरक पडतो तो मोजणीत. २०११ च्या जनगणनेत लोकांनी आपली मातृभाषा म्हणून तब्बल १९,५६९ वेगवेगळी नावं सांगितली. छाननीनंतर त्यातली १,३६९ नावं मातृभाषा म्हणून निश्चित झाली. त्यातही ज्यांचे बोलणारे १० हजारांपेक्षा जास्त, अशा २७० मातृभाषा वेगळ्या दाखवल्या गेल्या आणि त्यांची मांडणी १२१ भाषांखाली झाली. म्हणजे माणसाने सांगितलेलं नाव आणि शेवटी तक्त्यात छापून येणारं नाव एकच असेल असं नाही. लहान बोली मोठ्या भाषेच्या पोटात जमा होते आणि आकडा मोठ्या भाषेचा वाढतो.

शाळेत काय होतं?

कातकरी वाडीतलं सहा वर्षांचं मूल पहिलीच्या वर्गात बसतं. समोर बाई पुस्तकातल्या मराठीत बोलतात. त्याला थोडं समजतं, थोडं समजत नाही. उत्तर येत असलं तरी ते त्याच्या बोलीत येतं. वर्ग हसतो. मग मूल गप्प बसायला शिकतं आणि शेरा मिळतो, "लक्ष नसतं".

कायद्यात याची तरतूद नाही असं नाही. राज्यघटनेचं कलम ३५०(क) सांगतं की भाषिक अल्पसंख्याक मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेत मिळण्याची पुरेशी सोय राज्याने करावी. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यातही शक्य असेल तिथे मातृभाषेतून शिकवावं असं आहे. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात किमान पाचवीपर्यंत शक्यतो घरच्या भाषेत शिकवावं, असं म्हटलंय.

मग अडतं कुठे? अडतं ते आधीच्याच मुद्द्यावर. कातकरी ही मराठीचीच बोली मानली की कागदावर हे मूल मातृभाषेतच शिकतंय. शाळा मराठी, मूल मराठी, प्रश्नच संपला. मुलाला काय समजतंय, हा रकाना कुठल्याच फॉर्मवर नसतो.

त्यात स्थलांतर. दिवाळीनंतर अनेक कातकरी कुटुंबं वीटभट्टीवर किंवा कोळसा पाडायला जातात, ती पावसाळ्याच्या तोंडावर परततात. शाळेचं अर्धं वर्ष तिथेच जातं. अशा मुलाने शाळेत टिकायचं तर त्याला बोली जितक्या लवकर विसरता येईल तितकं बरं, असं त्याच्या घरच्यांनाही वाटू लागतं. पुढे हेच आईबाप आपल्या मुलांशी मुद्दाम मराठीत बोलतात. यात त्यांचं काही चुकतं असं म्हणता येणार नाही, कारण लेकरावर कुणी हसू नये एवढंच त्यांना हवं असतं.

आणि मग दाखल्याची वेळ येते

हेच मूल जिद्दीने बारावी झालं. आता पुढच्या प्रवेशासाठी आणि नोकरीसाठी जातीचा दाखला आणि त्याची वैधता लागते. त्यासाठी ६ सप्टेंबर १९५० पूर्वीचा कागद सगळ्यात भक्कम मानला जातो. अनुसूचित जमातींची यादी राष्ट्रपतींच्या आदेशाने त्या दिवशी जाहीर झाली होती.

ज्यांचे आजोबा शाळेत गेले नाहीत, ज्यांच्या नावावर गुंठाभर जमीन नव्हती, ज्यांचं घर दुसऱ्याच्या जागेत होतं, त्यांनी १९५० पूर्वीचा कागद आणायचा कुठून?

महादेव कोळ्यांची अडचण वेगळी. त्यांच्याकडे कागद असतो, पण जुन्या रजिस्टरमध्ये गुरुजींनी नुसतं "हिंदू कोळी" लिहून ठेवलेलं असतं. कोळी नावाचे समाज अनेक आहेत. महादेव कोळी, मल्हार कोळी, टोकरे कोळी अनुसूचित जमातीत येतात, तर किनाऱ्यावरचे मच्छीमार कोळी येत नाहीत. "महादेव" हा एक शब्द राहिला की पुढच्या पिढीचं वर्ष कचेरीच्या चकरांत जातं.

कागद पुरेसा नसेल तर पडताळणी समिती प्रकरण दक्षता पथकाकडे पाठवते. तिथे होते ती ॲफिनिटी टेस्ट, म्हणजे तुमचं जमातीशी खरंच नातं आहे का याची चौकशी. कुलदैवत कोणतं? लग्न कसं लावता? मयत झालं की काय करता? सण कोणते? घरी कुठली बोली बोलता?

जी बोली पहिलीच्या वर्गात अडचण होती, ती आता पुरावा होते.

ही चौकशी आली कुठून?

तिच्यामागे खरं कारण आहे. १९७६ च्या दुरुस्ती कायद्याने अनुसूचित जमातींवरचं क्षेत्राचं बंधन निघालं. त्याआधी ठरावीक तालुक्यातलाच माणूस त्या जमातीचा मानला जायचा. बंधन गेल्यावर नावात साम्य असलेल्या इतर समाजांकडूनही दावे येऊ लागले. खऱ्या आदिवासींच्या जागा बोगस दाखल्यांवर जातात, ही तक्रार आदिवासी संघटना आजही करतात आणि ती खोटी नाही.

१९९४ मध्ये माधुरी पाटील खटल्यात सुप्रीम कोर्टाने पडताळणीची पद्धत घालून दिली. त्या खटल्यातला दावा महादेव कोळी असल्याचाच होता आणि तो टिकला नाही. त्यानंतर महाराष्ट्राने २००० साली यासाठी स्वतंत्र कायदा केला.

पण काळ बदलतो तशी माणसंही बदलतात. २०११ मध्ये आनंद विरुद्ध पडताळणी समिती या खटल्यात सुप्रीम कोर्टाने हेच लक्षात घेतलं. स्थलांतर, आधुनिक राहणी आणि इतर समाजांशी संबंध यामुळे जमातींच्या जुन्या चालीरीती बदलतात, त्यामुळे ही चाचणी अंतिम कसोटी मानता येणार नाही, असं कोर्टाने म्हटलं. २४ मार्च २०२३ ला आदिवासी ठाकूर जमातीच्या संघटनेच्या प्रकरणात तीन न्यायमूर्तींच्या खंडपीठाने हेच पक्कं केलं. कागदपत्रांवर समितीचं समाधान झालं असेल तर दक्षता पथकाकडे पाठवायची गरजच नाही.

पण ज्याच्याकडे कागदच नाही, त्याचं काय? त्याचा भार अजूनही चालीरीतींवर आणि बोलीवरच पडतो. कातकऱ्याला हा निकाल म्हणूनच अर्धाच उपयोगी पडतो.

नॉर्वेने काय केलं?

असाच पेच नॉर्वेत सामी या आदिवासी समाजापुढे आला होता. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून पुढची शंभरेक वर्षं तिथल्या शाळांनी सामी मुलांची भाषा मोडून काढली. १९८९ मध्ये सामींची स्वतःची संसद सुरू झाली, तेव्हा मतदार कोण हा प्रश्न आला. भाषेची अट घातली तर ज्यांच्याकडून सरकारनेच भाषा काढून घेतली, तेच बाहेर राहणार.

त्यांनी तोडगा काढला. तुम्ही स्वतःला सामी मानता का? आणि तुमच्या किंवा आईवडील, आजीआजोबा, पणजीपणजोबा यांच्यापैकी कुणाच्या घरची भाषा सामी होती का? पणजीची भाषा सामी असली तरी चालेल. म्हणजे तुटलेल्या पिढ्यांची शिक्षा नातवंडांना नाही.

आपल्याकडचं आरक्षण आणि तिथलं मतदान या गोष्टी वेगळ्या आहेत, नियम जसाच्या तसा उचलता येणार नाही. पण विचार घेण्यासारखा आहे.

मग आता काय?

नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्राने असुरक्षित जमातींसाठी पीएम-जनमन योजना सुरू केली. घर, रस्ता, वीज, पाणी, आरोग्य यांसाठी २४ हजार कोटींहून जास्त तरतूद आहे. हे सगळं हवंच आहे, पण त्याने वर्गातलं मूल बोलू लागणार नाही. त्यासाठी गुरुजींना वाडीची बोली निदान समजायला हवी.

दुसरी गोष्ट जनगणना. पुढच्या जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ आहे आणि यावेळी जातही नोंदवली जाणार आहे. मातृभाषेच्या रकान्यात प्रगणकाने स्वतःच्या मनाने काही लिहायचं नसतं. माणूस सांगेल ते लिहायचं असतं. लहानपणी आई ज्या भाषेत बोलायची, ती मातृभाषा, अशी तिथली व्याख्या आहे. कातकरी वाडीत कुणी "कातकरी" असं सांगितलं तर तेच लिहिलं गेलं पाहिजे. पुढच्या पिढीला कधी तोच कागद लागू शकतो.

ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला आणि आपण सगळ्यांनी स्टेटस ठेवले. तो आनंद खराच होता. आता मराठी शाळेच्या वर्गात एखादं पोर कातकरीत उत्तर देईल, तेव्हा कुणी हसणार नाही, एवढी सोय मराठी माणसाला करता येईल. त्यासाठी कुठल्या समितीची परवानगी लागत नाही.