गोळी, कंबर आणि हाडांचा जमाखर्च

लाखांदूर तालुक्यातील दिघोरीच्या आसमंतात धानाची रोवणी सुरू झाली, की बांधीतल्या चिखलात दिवसभर ओणवे राहून पऱ्हे लावणाऱ्या बायांच्या कमरा संध्याकाळी ठणकू लागतात, आणि त्यांतल्या एखादीला थायरॉईडची गोळी चालू असली, तर शेजारीण सांगते, "काकी, थे गोळीच हाडं खाते, सोडून दे तिले." सल्ल्यात माया आहे, वस्तुस्थिती मात्र निराळी आहे.

हाड म्हणजे एकदा उभारून विसरलेला दगडी खांब नव्हे. जुने खरवडून नवे भरण्याचे काम त्यात अहोरात्र चालते, आणि निरोगी प्रौढ माणसात एका जागेची ही डागडुजी पुरी होण्यास सुमारे २०० दिवस लागतात. कंठातील अवटु ग्रंथी, म्हणजेच थायरॉईड, मंदावली, की तीच मुदत ७०० दिवसांच्या घरात जाते. उलट तिचे संप्रेरक प्रमाणाबाहेर वाढले, की खरवडणारे पुढे धावतात आणि भरणारे मागे पडतात. गोळी हेच संप्रेरक पुरविते; तेव्हा फिर्याद गोळीवर नव्हे, मात्रेवर लावली पाहिजे. रक्तातील टीएसएच, म्हणजे अवटु ग्रंथीला चेतविणारे संप्रेरक, योग्य प्रमाणात राखणारी मात्रा हाडे झिजवीत नाही. परंतु वजन उतरावे म्हणून स्वतःच्या मुखत्यारीने एकीच्या दोन गोळ्या करणे, किंवा रक्त न तपासता वर्षानुवर्षे जुन्याच चिठ्ठीवर औषध आणीत राहणे, हे पाळी गेलेल्या स्त्रीला विशेष महागात पडते, कारण इस्ट्रोजेनचे छत्र तिच्या हाडांवरून आधीच उठलेले असते.

राहिली कंबर. ती बहुधा ओणवण्याने शिणलेल्या स्नायूंची तक्रार असते. अस्थिसुषिरता, म्हणजे हाडांचा ठिसूळपणा, सहसा मुकी असते, आणि पुष्कळदा मनगट किंवा खुबा मोडल्यावरच तिचा पत्ता लागतो. म्हणून दुखत नाही त्या अर्थी हाडे मजबूत, हा निवाडाही चुकीचाच. खातरजमा हाडांची घनता मोजणाऱ्या डेक्सा तपासणीने होते. तीतला टी-स्कोर उणे २.५ किंवा त्याखाली गेला, तर रोग आहे असे समजतात. उन्हात राबणारीला हाडांना लागणाऱ्या ड जीवनसत्त्वाची ददात कसली, असेही म्हणतात. पण लुगड्यावर चढविलेला पूर्ण बाह्यांचा सदरा, डोक्यावरचा पदर आणि पावसाळी आभाळ यांतून अंगाला ऊन ते किती लागणार!

सर्वांत मोठी गफलत स्टीलच्या एका डबीत होते. थायरॉईडची, कॅल्शियमची आणि लोहाची गोळी तीत शेजारी नांदतात, आणि पहाटेच्या चहाबरोबर तिन्ही एकदमच पोटात जातात. कॅल्शियम व लोह पहिलीला आतड्यातच अडवितात. तिच्यात आणि त्यांच्यात निदान ४ तासांचे अंतर हवे. म्हणून पहाटे थायरॉईडची गोळी नुसत्या पाण्याने, चहा अर्ध्या-पाऊण तासाने, आणि कॅल्शियमची गोळी दुपारी बांधावर, शिदोरी सोडल्यावर.