जपान पाहायचंय? पहिली फेरी कामठीची करा

यवतमाळ : मोबाईलवर जपानचे व्हिडिओ पाहून गावातली पोरं विचारतात, "काका, तिकडे जायला किती पैसे लागते?" त्यांना एकच सांगतो, पासपोर्टच्या आधी एसटीत बसा. जपानची थोडी ओळख आपल्यापासून एका दिवसाच्या अंतरावर आहे.

कसे जायचे?
यवतमाळहून कळंब, देवळी, वर्धा मार्गे नागपूर साधारण 150 किलोमीटर. एसटीत महिलांना अर्धे तिकीट, 75 वर्षांवरील ज्येष्ठांना मोफत. नागपुरात सीताबर्डीहून ऑटोमोटिव्ह चौकाकडे जाणारी मेट्रो धरा.

काय पाहायचे?
वाटेत इंदोरा चौक लागतो. तिथल्या बुद्ध विहाराशी भदंत सुरेई ससाई यांचे नाव जोडलेले आहे. 1935 मध्ये जपानात जन्मलेले हे भिक्खू नागपुरात आले, हिंदी शिकले आणि भारताचे नागरिक झाले.

पुढे शेवटच्या स्टेशनवर उतरून ऑटो किंवा बसने कामठीचे ड्रॅगन पॅलेस गाठा. ॲड. सुलेखा कुंभारे यांच्या पुढाकाराने आणि जपानच्या नोरिको ओगावा यांच्या मदतीने हे बुद्धविहार 1999 मध्ये उभे राहिले. आतली बुद्धमूर्ती चंदनाच्या लाकडाची आहे. दीक्षाभूमीला जाणारे आपल्याकडचे बरेच लोक इथेही येतात. गर्दी नको असेल तर धम्मचक्र प्रवर्तन दिनाचे दिवस सोडून जा.

चपला बाहेर काढा, मोबाईल सायलेंट ठेवा आणि थोडा वेळ नुसते बसा. ही शिस्त जपानातही कामी येते. तिथे घरात जोडे घालून जात नाहीत, रांग मोडत नाहीत, रेल्वेत फोनवर बोलत नाहीत.

खरंच जपानला जायचे असेल तर
पासपोर्ट आधी काढा, साधी फी 1500 रुपये. व्हिसासाठी बँक खात्याचा हिशेब आणि जाण्या-येण्याचा कार्यक्रम दाखवावा लागतो. साकुराची फुले टोकियोकडे मार्चअखेर ते एप्रिलच्या सुरुवातीला फुलतात. तेव्हा आपला कापूस घरात आलेला असतो आणि पेरणीला वेळ असतो.

एक गोष्ट मात्र पक्की लक्षात ठेवा. टुरिस्ट व्हिसावर जपानात नोकरी करता येत नाही. "फिरायला जा, तिकडेच कामाला लावून देतो" असे म्हणणाऱ्या एजंटला एक रुपयाही देऊ नका. वावर गहाण टाकून तर मुळीच नाही.