दात बसवायचे, पण कोणते?



कारंजा (घाडगे) तालुक्यातील आदिवासी गावांतून दात गेलेल्या लोकांना आपण दंत दवाखान्यात नेतो. याविषयी वाचून काही वाचकांनी विचारले, "कवळी कशाला देता? इम्प्लांटच का बसवून देत नाही?" एका कुटुंबाने तर एका गोंड मावशींच्या इम्प्लांटसाठी रक्कमही देऊ केली. त्यांचे प्रेम मोठे आहे. पण इम्प्लांट हे सर्वांत महाग उत्तर असले तरी सर्वांसाठी सर्वांत योग्य उत्तर असतेच असे नाही. तुमच्यापैकीही कित्येकांच्या घरी हा प्रश्न आला असेल. मी दंतवैद्य नाही, रुग्णांना घेऊन जाणारा आणि डॉक्टरांचे म्हणणे त्यांना समजावून सांगणारा सेवक आहे. त्या कामात जे शिकलो ते येथे मांडतो.

इम्प्लांट म्हणजे टायटॅनियम धातूचा लहानसा स्क्रू. तो जबड्याच्या हाडात बसवतात आणि त्यावर दाताची कॅप लावतात. हाड या धातूला घट्ट धरून ठेवते, हे स्वीडनच्या ब्रॉनेमार्क नावाच्या डॉक्टरांच्या लक्षात आले. त्यांनी 1965 साली पहिल्या रुग्णाला असे दात बसवले. हाड आणि स्क्रू एकजीव व्हायला साधारण 3 ते 6 महिने लागतात, म्हणून हे काम एका फेरीत होत नाही. नीट निवडलेल्या रुग्णांत दहा वर्षांनंतरही दहांपैकी नऊहून अधिक इम्प्लांट टिकून असतात. शेजारचे दात घासावे लागत नाहीत आणि चावण्याची ताकद चांगली मिळते.

मग अडचण कुठे येते? पहिली गोष्ट हाडाची. दात पडून बरीच वर्षे झाली की तिथले हाड झिजते. स्क्रूला पुरेशी जागा आहे का, खालच्या जबड्यातील नस किती दूर आहे, हे एक्स-रे आणि स्कॅन केल्यावरच कळते. दुसरी गोष्ट तब्येतीची. मधुमेह ताब्यात नसेल तर जखम भरत नाही. जबड्याला कॅन्सरसाठी शेक दिलेला असेल किंवा हाडे ठिसूळ होऊ नयेत म्हणून काही औषधे चालू असतील, तर ते आधीच सांगावे लागते. आपल्या विदर्भातील आदिवासी समाजात सिकलसेलचा आजार आढळतो. तो असणाऱ्याने कोणत्याही शस्त्रक्रियेपूर्वी डॉक्टरांना सांगितलेच पाहिजे. जबड्याची वाढ पूर्ण व्हायची असते, म्हणून शाळकरी मुलांना इम्प्लांट बसवत नाहीत.

तिसरी गोष्ट खर्ऱ्याची. गुटख्यावर राज्यात 2012 साली बंदी आली, पण सुपारी-तंबाखूचा खर्रा गावोगाव घोटला जातो. तंबाखूमुळे हिरड्या खराब होतात आणि इम्प्लांट निकामी होण्याचा धोका वाढतो. सुपारीने गालाची आतली कातडी ताठर होऊन तोंड पुरते उघडत नाही. मग डॉक्टरांचे हत्यारच आत जात नाही. इम्प्लांटला कीड लागत नाही हे खरे, पण त्याच्याभोवतीची हिरडी सुजते, हाड झिजते आणि स्क्रू हलू लागतो. रोजची स्वच्छता आणि वरचेवर तपासणी जन्मभर ठेवावी लागते.

दुसरे पर्यायही आहेत. एखादाच दात नसेल तर शेजारच्या दातांना आधार धरून ब्रिज करता येतो, मात्र ते चांगले दात घासावे लागतात. बरेच दात नसतील तर काढ-घाल करता येणारी कवळी. ती स्वस्त पडते, शस्त्रक्रिया लागत नाही, पण हाड झिजत गेले की सैल होते. कधी काहीच न बसवणे हाही पर्याय असतो. जपानमध्ये 1989 पासून "वयाच्या 80 व्या वर्षी 20 दात" अशी मोहीम चालते, कारण स्वतःचे 20 दात असले तरी माणूस बहुतेक सर्व खाऊ शकतो. मागची एक दाढ गेली म्हणून कर्ज काढायची गरज नसते.

आता आपल्याकडचे दोन निर्णय सांगतो. एका तरुणाचा समोरचा एक दात मोटारसायकलवरून पडून गेला. शेजारचे दात निरोगी, व्यसन नाही, हाड भरपूर. त्याच्यासाठी इम्प्लांट योग्य ठरले. त्या मावशींचे मात्र सगळे दात गेलेले, साखर वाढलेली आणि खर्रा चालू. त्यांना विचारले तेव्हा त्या म्हणाल्या, "मले भाकर चावता आली म्हणजे झालं, भाऊ." कापूस वेचणीच्या दिवसांत दवाखान्याची प्रत्येक फेरी म्हणजे एका दिवसाची मजुरी बुडते, हेही त्यांनी सांगितले. डॉक्टरांनी आधी कवळी करून दिली. वरची छान बसली, खालची हलते.

खालच्या कवळीचे हे दुखणे जगभरचे आहे. 2002 साली कॅनडातील माँट्रियल येथे जमलेल्या तज्ज्ञांनी सांगितले की खालचे सर्व दात गेलेल्यांना दोन इम्प्लांटवर अडकवलेली कवळी हा पहिला पर्याय असावा. म्हणजे तोंडभर इम्प्लांट नकोत, दोन पुरतात. मावशींची तीन महिन्यांची सरासरी साखर खाली आली आणि खर्रा सुटला, तर तोच विचार पुढे करू. देणगीदार कुटुंबाच्या संमतीने त्यांच्यासाठी तेवढी रक्कम राखून ठेवली आहे. उरलेल्या रकमेतून इतरांच्या कवळ्या, बसभाडे आणि बुडालेली मजुरी दिली जाईल.

तुमच्या घरी हा निर्णय घ्यायचा असेल तर डॉक्टरांना चार प्रश्न विचारा. हाड पुरेसे आहे का? माझ्या आजारांमुळे धोका किती? कॅप धरून एकूण खर्च आणि फेऱ्या किती? इम्प्लांट केले नाही तर काय होईल? घाई करणाऱ्याकडे लगेच पैसे भरू नका, दुसरे मत घ्या. सावंगी (मेघे) येथे शरद पवार दंत महाविद्यालय आहे आणि नागपूरला शासकीय दंत महाविद्यालय आहे. शिक्षण देणाऱ्या अशा ठिकाणी खर्च सहसा खासगी दवाखान्यापेक्षा कमी येतो.

प्रार्थनेचा विषय: मावशींचा खर्रा सुटावा आणि साखर ताब्यात यावी. गावातल्या मुलांच्या तोंडी तो कधी जाऊच नये, यासाठीही प्रार्थना करा. त्यांचे स्वतःचे दात टिकले तर हा प्रश्न त्यांच्यापुढे येणारच नाही.